मामाचा पेला

"भांडं ओठाला लावायचं नाही, शालन. मान मागे टाक, तोंड उघड आणि धार सोड."

हा माझ्या सासूबाईंचा, दगडाबाईंचा आवाज. लग्न होऊन ठाण्याच्या कोपरीला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला मोरीपाशी उभं करून तांब्यातून वरून पाणी प्यायला शिकवलं. ठसका लागला, नाकातून पाणी आलं, नव्या साडीचा पदर चिंब झाला, पण त्यांनी सोडलं नाही. आम्ही खाडीकाठचे कोळी. आजूबाजूला घराघरांत मासळी शिजायची आणि आमच्या घरात तुळशीची माळ. सासूबाई गेल्या, माळ माझ्या गळ्यात आली आणि तिच्याबरोबर सगळे नेम आले. पहाटेची आंघोळ, जप, देवाला दाखवल्याशिवाय घास नाही, तिन्हीसांजेला दिवा, एकादशी, आणि कुणाचं उष्टं नाही. मी हे कुणावर लादत नाही. माझ्यापुरतं करते. माझी सून मेघाली म्हणते, आमच्या आईंचा आवाज मिक्सरखाली दबतो म्हणून घरात शांतता आहे.

मेघाली आणि माझा मुलगा दिपेश यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला दिपेशने जहाजाची तिकिटं काढली. मुंबईहून संध्याकाळी निघायचं, एक पूर्ण दिवस समुद्रात हिंडायचं, तिसऱ्या दिवशी सकाळी परत. आमच्याकडेच राहणारा मेघालीचा भाऊ हर्षित बरोबर होता, मी होते, आणि दिपेशच्या हट्टामुळे माझा धाकटा भाऊ प्रभाकरही होता.

प्रभाकर टिटवाळ्याला राहतो, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. हात गुणी आहेत, पण मधली कितीतरी वर्षं ते हात सकाळी उठल्यावर कापायचे. दारूपायी त्याची बायको रचना मुलीला घेऊन माहेरी गेली होती. मग त्याला खडवलीचे राजरत्न भेटले. तेही कधीकाळी पिऊन रस्त्यात पडलेले. त्यांनी त्याला दारू सोडलेल्या लोकांच्या बैठकीला नेलं, शेजारी बसवलं, आणि प्रभाकरची दारू सुटली. रचना परत आली. येताना तिने एकच सांगितलं, पुन्हा घोट गेला तर मी राहणार नाही. मुलीची परीक्षा होती म्हणून ती या सहलीला आली नाही.

जहाजावर जागोजागी बार असतात असं ऐकून मी प्रभाकरला म्हटलं होतं, "प्रभ्या, तू राहू दे."

तो हसला. "बाय, स्टेशनपासून तुझ्या घरापर्यंत किती बार लागतात ते मला विचार. ते ओलांडूनच दिवाळीला येतो ना तुझ्याकडे?"

लहानपणापासून तो मला बायच म्हणतो.

जहाज म्हणजे मॉलच, फक्त हलणारा. आम्ही समुद्राच्या वासात वाढलेली माणसं, पण तिथे समुद्राचा वास नव्हता. वास होता तो सांडलेल्या गोड सरबताचा. गालिच्यावर तोच, लिफ्टच्या बटणांना तोच, कठड्याला हात लावावा तर हात चिकट.

तिथे पाणी आणि चहा फुकट होते, पण कोला, लिंबाचं, संत्र्याचं असं काही थंड हवं असेल तर त्याची वेगळी व्यवस्था. एक मोठा, झाकणाचा प्लॅस्टिकचा पेला विकत घ्यायचा. त्याच्या बुडाला चकती असते. तो पेला मशिनच्या जाळीवर ठेवला की मशीन त्याला ओळखतं आणि पडदा उजळतो. मग बोटाने चित्र दाबायचं, वरून धार पडते. दिवसभर कितीही वेळा भरा. फक्त एक पेला एकाच माणसाचा, असा नियम.

दारू सोडल्यापासून प्रभाकरला गोडाची फार ओढ. म्हणून दिपेशने पेला त्याच्या नावाने घेतला. "मामा, तू बिनधास्त पी. तुझ्यासाठीच घेतलाय."

"आणि आपण?" हर्षितने विचारलं.

"आपण पण मामाच," मेघाली म्हणाली. "एका पेल्यात पाच जण आरामात होतात. कोण बघायला येतंय?"

मशिनपाशी निळ्या जाकिटातली एक मुलगी उभी असायची. तिने दोनदा हिंदीतून नम्रपणे सांगितलं की मॅडम, हा कप एकाच गेस्टसाठी आहे. मेघालीने तिला गोड हसून दाखवलं आणि प्रभाकरला पुढे केलं. "इनका ही है. इनको बहुत प्यास लगती है." प्रभाकर लाजून पेला धरून उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.

मी त्या मशिनपाशी फार वेळ थांबू शकत नव्हते. सगळी पेयं एकाच तोटीतून यायची. पुढच्याने संत्र्याचं घेतलं असलं की मागच्याच्या लिंबू सोड्याला आधी नारिंगी थेंब. एका बाईंनी लिपस्टिक लागलेली पेल्याची कड तोटीला अगदी टेकवून धार घेतली. त्यांच्यामागून आलेल्या गृहस्थांनी तोटीवरचा थेंब बोटाने पुसला, बोट चाटलं आणि त्याच बोटाने पडदा दाबला. खालच्या जाळीत सगळ्या रंगांचं मिळून एक तपकिरी पाणी साचलेलं, त्यात कुणाची तरी स्ट्रॉ, टिश्यूचा लगदा. मी माळ हातात धरली आणि दुसरीकडे पाहिलं.

दुसरीकडे बार होता. तिथे तर मशीनही नव्हतं. बारवाल्याच्या हातात एक काळी नळी, तिच्या टोकाला बटणांची मूठ. एक बटण दाबलं की कोला, दुसरं दाबलं की सोडा, तिसरं दाबलं की आणखी काही. दारूच्या पेल्यात ती मूठ जवळजवळ बुडवून तो सोडा सोडायचा आणि तीच मूठ लगेच एका शाळकरी मुलीच्या ग्लासावर धरायचा. बर्फात हात घालून बर्फ. टेबलांवर अर्धवट प्यालेले ग्लास, त्यात विरघळलेला बर्फ, त्यात बुडवलेलं बिस्किट. माणसं उठून जायची आणि नवी माणसं तोच ग्लास हाताने बाजूला सारून बसायची.

"आई, तुम्ही पण घ्या ना थोडं. लिंबाचं आहे," मेघालीने पेला माझ्यापुढे केला. झाकणाच्या काठावर चार जणांचे ओठ उमटलेले.

"मला नको गं. माझा तांब्या आहे."

"बघा, आई तोंड कसं करतात."

मी हळूच म्हटलं, "एवढ्या जणांत फिरवायचाच असेल तर ते झाकण काढा आणि वरून तरी प्या. कुणाचं काही कुणाला लागायचं नाही."

एवढंच मी बोलले. त्यांना ते गमतीचं वाटलं. हर्षितने लगेच मान मागे टाकून धार सोडली, शर्ट भिजवून घेतला, सगळे हसले. मग तो आमचा रिवाजच झाला. झाकण मेघालीच्या पर्समध्ये गेलं आणि मामाचा पेला वरून पिणाऱ्यांत फिरू लागला. प्रभाकरला हे कुणी शिकवायला नको होतं. लहानपणी माझ्याकडे सुट्टीला यायचा तेव्हा सासूबाईंनी त्यालाही मोरीपाशी उभं केलं होतं. तो दोन हात लांबून धार घ्यायचा, थेंब सांडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वरच्या डेकवर, पोहायच्या तलावापाशी बसलो होतो. ऊन चढलेलं. प्रभाकर जहाजाच्या टोकापर्यंत जाऊन कठड्यावरून पाणी बघत होता. किनारा दिसत नसलेला समुद्र त्याने खूप वर्षांनी पाहिला होता, वडिलांबरोबर बोटीवर जायचा त्यानंतर आताच. येताना चेहरा तापलेला, पण खुशीत होता. "बाय, खालच्या पाण्याचा रंग बघ जाऊन. असा रंग आपल्या खाडीला जन्मात यायचा नाही," असं म्हणत त्याने टेबलावरचा पेला उचलला.

मान मागे टाकली. धार सुरू झाली. गळ्याची घाटी एकदा खाली-वर झाली. मग क्षणभर तो तसाच थांबला, धार चालूच. मग घाटी पुन्हा हलली.

मग त्याने पेला खाली ठेवला. अगदी सावकाश, काठोकाठ भरलेला असावा तसा. पण तो अर्धाही नव्हता.

"मामा," हर्षित हसू दाबत म्हणाला, "किक बसली काय?"

दिपेश ताडकन उठला. "हर्षित, मी तुला म्हणालेलो ना, दुसऱ्या ग्लासात घे म्हणून?"

"अरे, तलावापाशी काचेचा ग्लास आणू देत नाहीत. बारवाला म्हणाला, प्लॅस्टिकमध्ये ओता. हाच होता समोर. रम पण छोटीच होती यार."

"आणि मामाला सांगायचं नाही?"

"मला काय माहीत ते येऊन सरळ नळ सोडतील तोंडात?"

मेघालीला हसू फुटलं. तिने तोंडावर हात घेतला, पण खांदे हलत होते. पलीकडच्या टेबलावरची दोन माणसंही आमच्याकडे बघून हसली. प्रभाकरने तोंड पुसलं आणि स्वच्छतागृहाच्या दिशेने चालू लागला. मी त्याच्यामागे गेले.

मागून मेघालीचा आवाज आला. "आई, आता तुम्ही तसा चेहरा करू नका हं. वरून प्या असं तुम्हीच म्हणालात. तोंडाला लावला असता तर त्यांना वास आला असता आधीच."

तिचं खरं होतं. पण त्या घडीला मला जी किळस आली तशी त्या मशिनची आली नव्हती. तपकिरी पाणी, लिपस्टिक, चाटलेलं बोट, सगळं मला एकाएकी धुऊन निघणारं वाटलं. ते हसणं नाही. माझीच माणसं होती ती. मी त्यांना रोज गरम पोळी वाढते.

पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेर मी भिंतीला टेकून उभी राहिले. आतून उलटीचा आवाज येईल म्हणून कान देऊन ऐकत होते. यावा असं वाटत होतं. आला नाही. नळाचं पाणी वाहत राहिलं, मग थांबलं.

प्रभाकर बाहेर आला, केस ओले. आम्ही वर टांगलेल्या जीवरक्षक होड्यांच्या खालच्या बाकावर जाऊन बसलो. तिथे सावली होती आणि कुणी फिरकत नव्हतं. त्याच्या श्वासाला तो वास होता. गोड, सडलेल्या फळासारखा. रचना गेल्यानंतर टिटवाळ्याला जाऊन कितीतरी वर्षं त्या वासाच्या चादरी मी धुतल्या होत्या. मी सरकले नाही.

"बाय, तुला किळस येते ना?"

"कशाची रे?"

"सगळ्याची. मशिनची, पेल्याची. आता माझी पण येत असेल."

मी खोटं बोलत नाही. "येते," म्हटलं.

"मला नाही आली." तो आपल्या हातांकडे बघत होता. "तेच वाईट आहे गं. पहिला घोट गेला, घशाला चटका बसला, मला कळलं. धार तोडायची फक्त. मनगट एवढंसं फिरवायचं. नाही फिरवलं मी. चांगलं वाटलं. घरी आल्यासारखं वाटलं. दुसरा घोट मी घेतलेला आहे, बाय. पहिला हर्षितचा, दुसरा माझा."

मला ती घाटी पुन्हा दिसली, थांबून हललेली.

"आता इथून उठलो की मी त्या बारकडे जाईन," तो म्हणाला. "जहाजाचं कार्ड आहे खिशात, दाखवलं की देतात. तुझ्यात एवढी किळस आहे, त्यातली थोडी मला दे."

मी त्याच्या खिशातलं कार्ड काढून माझ्या कमरेला खोचलं. त्याने काढू दिलं. मग मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. सूर्य पाण्याला टेकला. माझी दिव्याची वेळ झाली, खाली खोलीत बॅटरीवरची छोटी समई ठेवली होती. मी उठले नाही. जप मनात चालू ठेवला, तोही नीट झाला नाही.

दिपेश आम्हांला शोधत आला. मुलगा वाईट नाही माझा. समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मामा, सॉरी. पण ऐक, हे चुकून झालंय. चुकून झालेलं धरत नाहीत. तू कुठे मागून प्यायलेलास? मामीला सांगायची काय गरज आहे? तुमच्या त्या बैठकीत तरी कुणाला कळणार आहे?"

प्रभाकर "हं" म्हणाला. दिपेशला ते पुरलं. तो सुटल्यासारखा उठला आणि जेवायला या म्हणून सांगून गेला.

तो गेल्यावर प्रभाकर म्हणाला, "राजरत्नदादांना मी निघताना शब्द दिलेला आहे. घोट गेला, मग तो कसाही जावो, तर जमिनीवर पाय टेकल्यावर आधी त्यांच्या दारात. जेवणाआधी, झोपेआधी. चुकून गेला की मुद्दाम, ते मी ठरवायचं नाही. फक्त जाऊन सांगायचं. फोनवर चालत नाही म्हणाले, फोनवर माणूस खोटं बोलतो."

"मी येते तुझ्याबरोबर."

"नको. तू आलीस तर तू मला नेलंस असं होईल."

"आणि रचना?"

त्याने पाण्याकडे तोंड फिरवलं.

पुढचे तास आम्ही कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. जेवायच्या जागी हर्षितने कोलाने भरलेला तो पेला पुन्हा टेबलावर आणून ठेवला. "साधा आहे मामा, देवाशपथ, वास घ्या." प्रभाकरने पाणी मागितलं. मी माझा तांब्या त्याच्यापुढे सरकवला आणि झोपेपर्यंत त्याच्या नजरेसमोर राहिले.

सकाळी जहाज धक्क्याला लागलं. गाडीत मेघाली आणि हर्षित फोनमधले व्हिडिओ बघत होते. एकात हर्षित मान मागे टाकून शर्ट भिजवत होता. पुढच्यात काय होतं ते मला माहीत नाही, कारण तो सुरू झाल्याबरोबर मेघालीने आवाज बंद केला आणि दोघं न हसता हसली. प्रभाकर ठाण्यापर्यंत खिडकीशी बसून बाहेर बघत होता.

घरी पोचल्यावर मेघालीने बॅग उघडली आणि तो पेला आठवण म्हणून फ्रिजवर ठेवला. माझं देवघर तिथून दिसतं. मी आंघोळ केली, देवाची क्षमा मागितली, वरण-भात लावला. सगळ्यांना भूक लागली होती.

दिपेशचा फोन वाजला. रचना होती. पोचलात का, विचारत होती. दिपेशने फोन स्पीकरवर टाकला आणि हर्षित लांबूनच ओरडला, "मामी, मामा एकदम फिट आहेत. गोरे होऊन आलेत."

"बोलतात का ते?" रचनाने विचारलं. "एवढे गप्प का?"

स्वयंपाकघरातून मी बाहेर आले. प्रभाकर दिपेशच्या हातातला फोन घेत होता. त्याने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

"रचना, मी आधी खडवलीला जाणार आहे. राजरत्नदादांकडे. मग घरी."

कुकरची शिट्टी झाली.

"हो," तो म्हणाला. मग परत, "हो. तेच. जहाजावर." आणि थोड्या वेळाने, "तू ठरवशील ते. मी अडवणार नाही. पण मला आधी तिकडे जाऊन येऊ दे."

फोन बंद करून त्याने दिपेशला दिला.

"मामा, काय केलंस हे?" दिपेशचा आवाज चढला. "झाकलेलं होतं ना सगळं. मामी आता बॅग भरेल. त्या दोन घोटांसाठी संसार मोडणार तू?"

"एका घोटासाठी," प्रभाकर म्हणाला. "एक तुमच्याकडे राहू दे."

हर्षितने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण त्याने तोंड मिटलं आणि फोनमध्ये बघायला लागला. मेघाली भांड्यांशी काहीतरी करू लागली. तिच्या हातून वाटी पडली.

मी ताट वाढायला घेतलं होतं, ते तसंच ठेवलं. "उपाशी जाशील?"

"जेवण नंतर, बाय. शब्द तसा आहे."

त्याची बॅग भिंतीशी होती. ती त्याने घेतली नाही. जहाजाचं कार्ड तर मी धक्क्यावरच परत केलं होतं. खिशात परतीच्या गाडीचं भाडं आणि फोन, एवढंच. कसाऱ्याची गाडी टिटवाळ्यावरूनच पुढे खडवलीला जाते. आपलं स्टेशन येईल, दार उघडंच असेल आणि त्याला आत बसून राहावं लागेल. त्याच्याही मनात तेच असावं, कारण चप्पल घालताना तो मला म्हणाला, "कल्याणनंतर मी डोळे मिटून बसेन."

"झोपू नको फक्त," मी म्हटलं.

तो दाराशी वाकला, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. मी गॅलरीत गेले. खाली रस्त्यावर आल्यावर त्याने वर पाहिलं नाही. आमच्याकडून स्टेशनला जायचा जवळचा रस्ता दोन बारच्या मधून जातो. तो कोपऱ्यावर थांबला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि लांबच्या रस्त्याने, देवळाच्या मागच्या गल्लीत वळला.